बाथरूममधल्या ७१ वस्तू

अर्धी_बाटली:

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात बाथरूमच्या भिंतीला ओल आली. प्लंबर म्हणाला, भिंतीवरचं कपाट उतरवावं लागेल, आतलं सामान तेवढं बाहेर घ्या. पाच मिनिटांचं काम म्हणून मी पलंगावर जुनी चादर अंथरली आणि एकेक बाटली नेऊन ठेवायला लागले. वीस मिनिटं झाली तरी माझ्या फेऱ्या चालूच. तो बिचारा हातात पाना धरून दारात उभा. शेवटी न राहवून विचारलंन, "ताई, घरी पार्लर चालवता का?"

तो गेल्यावर मोजलं. ७१. कंगवे, ब्रश, टूथपेस्ट धरलेच नाहीत. फक्त अंगाला, तोंडाला, केसांना लावायच्या वस्तू. त्यातल्या मी रोज वापरते ८.

उरलेल्या ६३ काय आहेत म्हणाल तर, चार फेसवॉश, चारही अर्धे. एकाच रंगाच्या तीन लिपस्टिक (तीन वेगवेगळ्या वर्षी मला तोच रंग अगदी नवा वाटला होता). भेट आलेली बॉडी लोशनं, सीलसुद्धा न फोडलेली. हॉटेलांतून उचललेल्या ११ चिमुकल्या बाटल्या. कुरळ्या केसांचं क्रीम. माझे केस सरळ आहेत. आणि तपकिरी झालेलं एक सीरम, जे आणलं तेव्हा पाण्यासारखं होतं.

टाकवत नाही, कारण पैसे मोजलेत. लावतही नाही. मला संन्यास घ्यायचा नाहीये. पांढऱ्या फळीवर तीन बाटल्या आणि शेजारी एक रोपटं, असले फोटो बघून मला धाप लागते. सकाळी कपाटात हात घातला की हवं ते हाताला लागावं आणि चार बाटल्या अंगावर पडू नयेत, एवढंच मागणं आहे.

कुणी केलंय का हे? सुरुवात कुठून केलीत?

चष्मिस:

वाचता वाचता उठून माझं कपाट उघडून आले. उघडायला नको होतं.

गुंडाभाऊ:

एक साबण. डोक्यापासून पायापर्यंत. तीस वर्षं. विषय संपला. (दिवा घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

रसायनरंजन:

नोकरीमुळे या बाटल्यांच्या आतल्या मालाशी माझा रोजचा संबंध आहे, तेव्हा थोडं लांबण लावतो.

आवडतं की नाही, लागतं की नाही, हे नंतर ठरवा. आधी खराब झालेलं बाजूला काढा. त्यात मन गुंतलेलं नसतं, म्हणून हात भराभर चालतो.

बाटलीच्या मागच्या बाजूला झाकण उघडलेल्या डबीचं बारकं चित्र असतं. त्यात ६, १२, २४ असा आकडा आणि पुढे इंग्रजी एम. झाकण उघडल्यापासून इतके महिने, असा त्याचा अर्थ. युरोपात जो माल बंद अवस्थेत ३० महिन्यांहून जास्त टिकतो, त्याच्यावर अंतिम तारीख छापायची सक्ती नाही. तिथे हे चित्रच असतं. मग लोकांना वाटतं, तारीख नाही म्हणजे जन्मभर चालेल. गोम अशी की मोजायचं उघडल्या दिवसापासून, आणि तो दिवस कुणालाच आठवत नाही. मी सील फोडलं की बुडाला मार्करने महिना आणि वर्ष लिहून टाकतो. घरचे हसतात. हसू देत.

डोळ्यांच्या वस्तूंपासून सुरुवात करा. मस्कारा तीन महिने, फार तर सहा. कांडी पापण्यांना लागते, परत त्याच ओल्या अंधाऱ्या नळीत जाते, दर वेळी थोडी हवा आणि थोडे जंतू आत घेऊन. डोळे आले असताना वापरलेलं काहीही त्याच दिवशी टाकायचं. आणि सुकलेल्या मस्काऱ्यात पाणी घालणारे लोक मी पाहिलेत. कृपा करून नको.

पाण्याचा मुद्दा शाम्पू-लोशनलाही लागू आहे. तळाशी उरलेल्या मालात पाणी घालून खळखळवून लगेच डोक्यावर ओतलंत तर काही बिघडत नाही. पण तसंच चार आठवडे ठेवलंत, तर जंतू रोखणारं जे रसायन त्यात ठरलेल्या प्रमाणात घातलेलं असतं, तेच पातळ होतं. स्यूडोमोनास जातीच्या जिवाणूंना असं कोमट, ओलं, दुबळं मिश्रण फार मानवतं.

ज्यात पाणीच नाही, म्हणजे दाबलेली पावडर वगैरे, ते दोन वर्षं सहज जातं. बोटं बुडवायच्या डबीपेक्षा पंप आणि ट्यूब बऱ्या.

तपकिरी सीरम बहुधा व्हिटॅमिन सीचं असणार. हवा लागली की ते आधी पिवळं, मग तपकिरी होतं. तपकिरी झालं म्हणजे ज्याच्यासाठी घेतलं ते त्यात उरलेलं नाही. रेटिनॉल, म्हणजे सुरकुत्यांसाठी लावतात ते व्हिटॅमिन ए, त्याचंही उजेड आणि हवेशी वाकडं आहे. म्हणून ते अपारदर्शक ट्यूबमध्ये येतं.

सनस्क्रीनच्या बाबतीत दया नको. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे सनस्क्रीनची मूळ ताकद किमान ३ वर्षं टिकली पाहिजे. तारीख छापलेली नसेल तर खरेदीपासून ३ वर्षांनी ते बाद धरतात. उन्हात तापलेल्या गाडीत राहिलेलं असेल तर तितकीही वाट पाहू नका.

आणि मुख्य म्हणजे हे सगळं आपण ठेवतो कुठे? घरातल्या सगळ्यात दमट खोलीत, जिथे रोज गरम वाफ कोंडते. औषधंही बाथरूमच्या कपाटात ठेवू नयेत असं सांगतात ते याचसाठी. न उघडलेला माल झोपण्याच्या खोलीतल्या खणात हलवा. कपाट तिथेच अर्धं मोकळं होईल.

चष्मिस:

दादा, माझा एक मस्कारा माझ्या नोकरीपेक्षा जुना आहे. तो आत्ता गेला.

भिंगरी:

मी जरा उलट बाजूने बोलते. माझ्याकडे ४० लिपस्टिक आहेत आणि मला एकही कमी करायची नाही. लोक शाईची पेनं जमवतात, न वाचलेल्या पुस्तकांनी भिंती भरतात, त्याला छंद म्हणतात. आम्ही रंग जमवले की पसारा. घरातल्या बाकीच्या कुणाच्या खणाचा हिशेब मागितला जात नाही, हे गंमतीचं नाही का?

पाऊसवेडी:

अनुमोदन. पण लेखिकेला स्वतःलाच त्रास होतोय ना गं, कुणी तिला मागे लागून सांगितलेलं नाही.

अर्धी_बाटली:

भिंगरी, पटलं. पण तुझ्या ४० तुला पाठ असतील. कुठली कधी लावायची तेही ठरलेलं असेल. माझ्या ७१ पैकी निम्म्या माझ्याकडे आहेत हेच मी विसरले होते. त्याला छंद म्हणायला जीभ धजावत नाही.

भिंगरी:

हो, पाठ आहेत. क्रमाने सांगू का?

निवांत_काकू:

मुलींनो, मी चार वर्षांपूर्वी हे केलं, तेही गुडघ्याच्या दुखण्यामुळे. खाली वाकून शोधणं जमेना. सगळ्या वस्तू एका खोक्यात भरल्या आणि खोकं बाथरूमच्या बाहेर ठेवलं. जे लागेल ते त्यातून काढायचं आणि वापरल्यावर परत कपाटात ठेवायचं, खोक्यात नाही. महिन्याने कपाटात ११ गोष्टी जमल्या. खोकं जवळजवळ भरलेलंच. मी स्वतःशी वाद घालत बसले नाही. एकेक वस्तू हातात धरून "हिच्याने मला आनंद होतो का" वगैरे विचारायला मला वेळ नाही आणि बाटलीही उत्तर देत नाही.

एक मात्र खोक्यातून काढून कपाटात ठेवलं, न वापरता. एक अत्तराची बाटली. सात वर्षांपूर्वी निवृत्तीच्या दिवशी ऑफिसातल्या मुलींनी दिलेली. चांगल्या प्रसंगाला लावू म्हणून ठेवलीय. अजून प्रसंग आलेला नाही.

पाऊसवेडी:

काकू, सात वर्षं?

निवांत_काकू:

प्रसंग तसा आला नाही ना.

पाऊसवेडी:

माझी गोष्ट थोडी वेगळी. मला कमी करायची वेळ त्वचेने आणली. एका बाजूला सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश, रात्री ग्लायकोलिक ॲसिड, एक दिवसाआड रेटिनॉल, मधूनच स्क्रब. प्रत्येक वस्तू आपापल्या जागी चांगली असेल. चौघांनी मिळून माझ्या चेहऱ्याची सालटी काढली. नुसतं पाणी लागलं तरी चुरचुरायचं. त्वचेचा सगळ्यात वरचा पातळ थर पाणी आत धरतो आणि बाहेरचं बाहेर ठेवतो. तोच मी रोज घासून काढत होते. आणि चेहरा कोरडा पडला की आणखी एक क्रीम आणायचे. अशाने कपाट भरतंच.

डॉक्टरीणबाईंनी सगळं बंद करायला सांगितलं. सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन. बस. पहिला आठवडा मला कपडे न घालता बाहेर पडल्यासारखं वाटलं. मग हळूहळू चुरचुर थांबली. त्वचेचा वरचा थर बदलायला साधारण महिना लागतो, वय वाढलं की जास्त. तेव्हा दर आठवड्याला नवी बाटली उघडली तर कशाने काय झालं हे कळायचंच नाही.

आता नवीन काही आणायचं तर एका वेळी एकच. आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडा-दहा दिवस लावून बघते. या एका सवयीने खरेदी आपोआप मंदावली, कारण एवढा धीर कुणाला असतो!

गुंडाभाऊ:

म्हणजे फिरून माझ्या एका साबणावरच आलात.

रसायनरंजन:

नाही गुंडाभाऊ. आंघोळीच्या साबणवडीचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) ९-१० च्या घरात असतो, त्वचेचा ५ च्या आसपास. तुमच्या पाठीला चालत असेल. चेहरा रोज धुऊन ताठरत असेल तर ते 'स्वच्छ झाल्याची खूण' नव्हे. आणि एक विचारू का, तुमच्या दाढीच्या पात्याचं वय काय?

गुंडाभाऊ:

खाजगी प्रश्न विचारू नयेत.

उंबरठा:

माझा अनुभव सांगते, पटला तर घ्या. एकसारख्या वस्तू शेजारी ठेवून मागची यादी वाचा. घटक जास्त प्रमाणाकडून कमीकडे लिहिलेले असतात. एक टक्क्याच्या खालचे मात्र कसेही मागेपुढे असू शकतात. मी माझी तीन मॉइश्चरायझर अशी लावली. पहिले पाच घटक तेच. एकावर 'रात्रीसाठी' लिहिलेलं, एकावर 'हातांसाठी', एकावर फूल काढलेलं. जाहिरातीत ज्याचं नाव मोठ्या अक्षरात होतं तो अर्क तिन्हींत शेवटून दुसरा. मी तिन्ही ओळीने संपवली, आणि तेव्हापासून एकच आणते.

चष्मिस:

"एकावर फूल काढलेलं." मेले हसून.

अर्धी_बाटली:

बापरे, केवढी मदत केलीत. शनिवारी बसले. डोळ्यांचं सगळं आधी, मग तारखा, मग वास. एका फाउंडेशनचं झाकण उघडलं तर वर तेल, खाली चिखल. एका क्रीमला चक्क जुन्या मेणबत्तीचा वास. खराब म्हणून २७ वस्तू बाजूला निघाल्या. त्यात एक सनस्क्रीनही आहे, मी ते गेल्या महिन्यापर्यंत लावत होते, ते जाऊ दे.

आता प्रश्न असा की या २७ चं करायचं काय? बेसिनमध्ये ओतून बाटल्या धुऊन ठेवाव्यात असं मनात होतं, पण हात थबकला.

रसायनरंजन:

बरं झालं थबकला. क्रीम, तेल, मेणाचे प्रकार नाल्यात ओतू नका. पाइपात थर धरतात, तुमचा प्लंबर परत येईल. उरलेला माल जुन्या कागदात किंवा चिंधीत पुसून घ्या, तो सुक्या कचऱ्यात. रिकामी बाटली झाकणापासून वेगळी करा. पंपात धातूची स्प्रिंग असते, म्हणून पंप प्लॅस्टिकबरोबर टाकू नका. जुना स्क्रब असेल तर आधी घटक वाचा. पूर्वी त्यात प्लॅस्टिकचे बारीक मणी सर्रास असत. धुऊन टाकायच्या वस्तूंत ते घालायला अमेरिकेने २०१५ साली कायदा करून बंदी आणली. कपाटात त्याआधीचा डबा निघाला तर तो धुऊन टाकू नका, कागदात गुंडाळा.

नेलपॉलिश, रिमूव्हर, अत्तर हे पटकन पेट घेणारे. घातक कचरा वेगळा घेतात तिथे द्यायचे. फवाऱ्याचे डबे रिकामे वाटले तरी भोक पाडायचं नाही, आगीजवळ तर नाहीच.

आणि एक, जे फार कुणी सांगत नाही. केसांचा रंग कालवून उरला असेल तर तो झाकण लावून कधीही ठेवू नका. त्यातल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमधून ऑक्सिजन सुटत राहतो, बंद बाटली फुगते आणि फुटू शकते.

अर्धी_बाटली:

दादा, अशी एक फुगलेली बाटली या २७ त आहे. मी तिला सूज आलीय म्हणून हसत होते.

रसायनरंजन:

हलवू नका. तोंडापासून लांब धरून, हातमोजे घालून, झाकण अगदी हळू सैल करा. वायू निघून गेला की मग बाकीचं.

अर्धी_बाटली:

केलं. फुस्स झालं. घाम फुटला मला.

उंबरठा:

न उघडलेली लोशनं देऊन टाक, पण देताना तारीख बघ, आणि घेणाऱ्याला हवंय का तेही विचार. आपल्याला नको ते दुसऱ्याच्या कपाटात ढकलणं म्हणजे दान नव्हे. उघडलेलं, त्यातून डोळ्या-ओठांचं, कुणालाही देऊ नये, सख्ख्या बहिणीलाही नाही.

निवांत_काकू:

चांगल्या स्थितीतल्या पण नावडत्या शाम्पूने कंगवे आणि ब्रश धुवावेत. केसांना न मानवलेला कंडिशनर पाय दाढी करताना... नाही, पायांचे केस काढताना चालतो. या वयात शब्द अडतात.

गुंडाभाऊ:

काकू, पायांची दाढी!

भिंगरी:

काकूंच्या युक्त्या चांगल्या आहेत, पण सावध. "याचा दुसरा काहीतरी उपयोग होईल" म्हणून ठेवलेल्या वस्तूंचा एक वेगळाच ढीग तयार होतो. वर्षभरात किती वेळा कंगवे धुतो आपण? एक बाटली पुरे.

चष्मिस:

मला एक सांगा, टाकताना पैशांचं वाईट वाटतं त्याचं काय करता?

पाऊसवेडी:

मला वाईट वाटू द्यायला आवडतं. पुढच्या खरेदीच्या वेळी तेच आठवतं. हसत हसत टाकलं असतं तर दोन महिन्यांत कपाट परत भरलं असतं.

उंबरठा:

मी टाकलेल्या वस्तूंची यादी केली होती. नावं नाही, कारणं. "सेल होता" ९ वेळा. "मैत्रिणीला शोभलं" ५ वेळा. "मोफत मिळालं" तर विचारूच नका. 'गरज होती' एकदाही नाही, कारण गरजेच्या वस्तू संपलेल्या असतात, त्या ढिगात येतच नाहीत.

रसायनरंजन:

याला एक अपवाद आहे, तो म्हणजे सनस्क्रीन. गरज असूनही संपत नाही, कारण आपण फार कमी लावतो. बाटलीवरचा एसपीएफचा, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा, आकडा दर चौरस सेंटिमीटर त्वचेला २ मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. चेहरा आणि मानेला दोन बोटांच्या लांबीइतकं रोज लावलं, तर ५० ग्रॅमची ट्यूब दीड-दोन महिन्यांत आटोपली पाहिजे. वर्षभर पुरतेय म्हणजे काटकसर नाही, आकड्याइतकं संरक्षण मिळतच नाहीये.

चष्मिस:

माझी ट्यूब दोन वर्षं पुरली होती. मी हे कौतुकाने सांगत असे.

अर्धी_बाटली:

तीन आठवड्यांनी लिहितेय. हिशेब असा: २७ गेल्या. न उघडलेल्या ९ विचारून दिल्या, त्यातल्या दोन "नको गं, माझ्याकडेच इतकं आहे" म्हणून परत आल्या, मग तिसरीकडे गेल्या. हॉटेलच्या ११ बाटल्या टोपलीत ठेवल्यात, रोजच्या शाम्पूऐवजी त्याच वापरतेय; सात संपल्या. रोजच्या ८ कपाटात. उरल्या १६, त्या काकूंच्या पद्धतीने खोक्यात. आतापर्यंत खोक्यातून फक्त चार बाहेर आल्या, त्यात माझी लाडकी लिपस्टिक (तिघींपैकी कुठली, ते विचारू नका, मलाच ओळखू येत नाही).

एकच नियम केलाय. एका प्रकारची एकच वस्तू उघडी. दुसरी आणली तरी पहिली संपेपर्यंत सील फोडायचं नाही. मध्यंतरी फेसवॉशची ट्यूब संपली असं वाटलं आणि नवी घ्यायला हात गेला. मग कात्रीने मधोमध कापली. आतल्या भिंतींवर इतकं चिकटलेलं होतं की अजून बारा दिवस पुरलं. कापलेली टोकं एकात एक सरकवून बंद करायची, म्हणजे सुकत नाही. संपल्याचा एवढा आनंद मला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

त्रासही आहेच. मोकळी फळी बघितली की तिथे काहीतरी आणून ठेवावंसं वाटतं. घरच्यांनी त्यांचा शेव्हिंगचा पसारा सरकवायला सुरुवात केलीय.

भिंगरी:

तेच म्हणत होते मी! त्यांच्या खणाचाही हिशेब काढ. बाकी, कबूल करते, माझ्या ४० तल्या ६ गेल्या. वास बदलला होता. तुम्हा लोकांमुळे हुंगून बघितल्या, नाहीतर कळलंही नसतं. ३४ पाठ आहेत.

गुंडाभाऊ:

आमच्याकडे मोजणी झाली. माझ्या फळीवर १४ वस्तू निघाल्या. एक साबण आणि तेरा मलाच माहीत नसलेल्या. पातं बदललं आहे.

पाऊसवेडी:

काकू, अत्तराचं काय झालं?

निवांत_काकू:

आधी रंजनला विचारते, सात वर्षांचं लावू का नको?

रसायनरंजन:

काकू, बंद डब्यात, अंधारात असेल तर बरंच टिकलेलं असेल. आधी उडून बिघडतात ते वरचे हलके वास, लिंबूवर्गातले. तेच हवेने जुने झाले की काहींच्या त्वचेला खाज आणतात. म्हणून अंगावर नको, कपड्याच्या आतल्या कडेला लावा, डाग पडतो का ते आधी कोपऱ्यात बघून.

निवांत_काकू:

आज बँकेत जाताना लावलं, पदराच्या आतल्या बाजूला. वरचा ताजा वास खरंच गेलाय रे. खाली एक लाकडासारखा, उबदार वास राहिलाय, तो मला मूळच्यापेक्षा बरा वाटला. रांगेत माझ्या मागची मुलगी विचारत होती कुठलं आहे. नाव वाचायला बाटली जवळ नव्हती.

बाटली पाऊण भरलेली आहे. उद्या दवाखान्यात जायचंय, तेव्हाही लावेन.